हॉलमधला क्लास की बागेतला गट?

निवृत्तीनंतर हुरूपाने व्यायाम सुरू करणारे मी पुष्कळ पाहिलेत. चौथ्या महिन्यात दिसणारे त्यातले थोडेच. म्हणून कुठला व्यायाम चांगला, यापेक्षा कुठला सुटणार नाही, हे आधी बघावं असं मला वाटतं. मी दोन्हीकडे हजेरी लावली आहे. आधी १० महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा, फी भरून करायचा क्लास, आणि आता ३ वर्षं कोथरूडला घराजवळच्या बागेतला सकाळचा गट.

क्लासची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. शिकवणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. माझे ९ झाले. तीन महिन्यांनी १३. असा आकडा माणसाला धरून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगतात, आणि शिवाय किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. पहिलं चालून भागतं. दुसरं क्लासमध्ये नीट होतं. बागेत टाळ्या आणि हसणंच जास्त.

मग सोडला का? बुटांमुळे. हसू नका. हॉलच्या दाराशी बूट काढायचे आणि तिथे बसायला ना बाक, ना स्टूल. आम्ही आठ-दहा जण, बहुतेकांचे गुडघे कुरकुरणारे, भिंतीला हात लावून एकेका पायावर उभे. आत गेल्यावर तोच व्यायाम 'खुर्ची धरूनच करा बरं का' अशा ताकिदीसह. दोनदा सांगून पाहिलं. 'हो काका, बघतो,' असं दोन्ही वेळा ऐकलं, स्टूल काही आलं नाही. एकदा माझा तोल गेला आणि शेजारच्या बाईंचा खांदा धरावा लागला. पडलो नाही, पण असा ओशाळलो की दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज राहू दे. तिसऱ्या दिवशी तेच म्हणणं आणखी सोपं गेलं. महिनाअखेरीला फीची आठवण करणारा मेसेज तेवढा आला. तुमच्या क्लासच्या दाराशी बाकडं असेल, तर माझी ही तक्रार सोडून द्या.

बागेत बूट पायातच राहतात. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, त्याच वळणाचा आमचा गट. सुरुवातीला खोटं हसायची मला लाजच वाटायची. टिकलो ते दोन कारणांनी. एक, माझा आवाज मोठा म्हणून आकडे म्हणायचं काम माझ्याकडे आलं. मी नसलो की मोजणी गडबडते, निदान तसं मला भासवलं जातं. दुसरं, नंतरचा टपरीवरचा चहा. पैसे पाळीपाळीने द्यायचे. आपल्या पाळीला गैरहजर राहिलं तर पुढे महिनाभर ऐकून घ्यावं लागतं! मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे खाडा झाला, पण परत गेलो तेव्हा कोणी पुढे निघून गेलेलं नव्हतं. तिथे पुढे जायला काही नसतंच. हा बागेचा दोष म्हणा की गुण, माझ्या वयाला तो सोयीचा पडला.

हल्लीच कुठे पडला असाल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून आधी क्लासच बघा. ताकदीचे चार व्यायाम तिथे अंगवळणी पाडा आणि मग ते बागेत आणा. आम्ही तिघे-चौघे आता बागेतल्या बाकावरून हात न टेकता १० वेळा उठतो-बसतो. बाकीचे बघतात, अधूनमधून एखादा सामील होतो.

पावसाळ्यात बागेचा गट रोडावतो, हे खरं. आम्ही जूनपासून जवळच्या देवळाच्या सभामंडपात जातो. चपला तिथेही काढाव्या लागतात, पण पायरीशेजारी बसायला चांगला रुंद ओटा आहे.