पायलटची मेडिकल: फोर्टमधल्या या क्लिनिकला पाचपैकी चार

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, जहाजाचा. बाहेर समुद्रात आलेल्या जहाजावर शिडीने चढायचं, कप्तानाशेजारी उभं राहून ते धक्क्याला लावायचं आणि उतरून पुढचं गाठायचं, हे आमचं मुंबई बंदरातलं काम. त्यासाठी अधूनमधून मेडिकल करावी लागते. जहाजावरच्यांची मेडिकल करणारी क्लिनिकं फोर्ट-बॅलार्ड इस्टेटकडे भरपूर, आणि पुष्कळ ठिकाणी शिक्का झटपट मिळतो हीच त्यांची ख्याती. हे त्यातलं नाही.

पहिली खूण म्हणजे इशिहाराचं पुस्तक. रंग नीट ओळखता येतात का ते बघायला रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे, ते. इथे ते काळ्या कापडात गुंडाळून कपाटात असतं. डॉक्टर ते खिडकीपाशी नेतात आणि दिवसाच्या उजेडात पानं दाखवतात. पिवळ्या बल्बखाली रंग फिरतात आणि पुस्तक उजेडात उघडं पडलं की शाई फिकी होते, हे त्यांनी न विचारता सांगितलं. आधी मी जिथे जायचो तिथे ते टेबलावर लोळत असायचं आणि रांगेतल्या पोरांना आकडे तोंडपाठ असायचे. आपल्याकडे बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), उजव्या हाताला हिरवे. रात्री मागे अख्खी मुंबई लखलखत असते, त्यातून तो एक लाल दिवा वेचून काढायचा. समोरच्या होडीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावर ती कुणीकडे चाललीय ते कळतं. नजर कमी असली तर चष्मा आहे, रंगांना इलाज नाही. मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्यांनी कोर्सची फी भरण्याआधीच एवढं तपासून घ्यावं.

कानांची तपासणी बंद केबिनमध्ये, नीट होते. हवीच. आपण दिलेली ऑर्डर सुकाणूवरचा माणूस परत म्हणतो; वाऱ्यात, वॉकीटॉकीच्या खरखरीत, कुठल्याही देशाच्या उच्चारात तो 'पोर्ट' (डावीकडे) म्हणाला की 'स्टारबोर्ड' (उजवीकडे), हे ऐकू यायलाच हवं.

शिडीबद्दल डॉक्टर खोदून विचारतात. दोरीची, लाकडी पायऱ्यांची पायलट लॅडर. नियमाने त्या शिडीवरून नऊ मीटरपर्यंतच चढायचं, त्याहून उंच जहाज असेल तर वर तिरका जिना जोडून देतात. नऊ मीटर म्हणजे साधारण तीन मजले. पावसाळ्यात आम्हाला जहाजापर्यंत नेणारी लाँच लाटेवर वरखाली होत असते. ती वर आली की त्याच क्षणी शिडी धरायची आणि दोन-तीन पायऱ्या झपकन चढायच्या, नाहीतर पुढच्या लाटेला लाँच वर येऊन पायच चेमटवते. त्यामुळे इथे पंजाची पकड यंत्रावर मोजतात, गुडघे वाकवून बघतात, डोळे मिटून एका पायावर उभं करतात. शेजारच्या केबिनमधल्या क्लार्कला हे बघून हसू येतं, येऊ दे. मात्र जिने चढून गेल्या गेल्या बीपी घेत नाहीत, आधी बसवतात.

औषधांबद्दलही चांगलं खोदून विचारतात. सर्दीची गोळीसुद्धा लिहून घेतात, कारण तिने झापड येते. नोव्हेंबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'कॉस्को बुसान' हे मालवाहू जहाज धुक्यात पुलाच्या खांबाला घासलं आणि दोन लाख लिटरच्या आसपास तेल खाडीत सांडलं. चौकशीत जी कारणं निघाली त्यांत पायलट घेत असलेल्या औषधांमुळे मंदावलेलं डोकं हे एक होतं. औषधं डॉक्टरांनीच लिहून दिलेली, चोरून घेतलेली नव्हेत.

एक तारा कापला तो डोक्याच्या तपासणीसाठी. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून पुसट झालेला कागद देतात: राग येतो का, झोप लागते का, एकटं वाटतं का. सगळे 'नाही, हो, नाही' करून मोकळे होतात. आमच्या डोक्याचं काम वेगळंच आहे. तीनशे मीटरचं जहाज, इंजिन बंद केलं तरी पुढे जातच राहणारं. आडवी ओहोटीची ओढ, वारा एका बाजूने, ढकलायला-ओढायला दोन टग बोटी, आणि आजच भेटलेला कप्तान. हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून पाच मिनिटं पुढचं बघायचं, आवाज न चढवता. कप्तान घाईवर आला तर त्याला 'थांबू' म्हणायची छाती लागते. रात्री तीनला, अर्ध्या झोपेतून उठून. ते तपासायचं तर सिम्युलेटरवर बसवा, क्लिनिकला दोष देऊन उपयोग नाही हेही खरं. पण मग तो कागद तरी कशाला?

झोपेचं मात्र डॉक्टर स्वतः तोंडी विचारतात. घोरता का, दिवसा डुलकी येते का, आणि बायकोला विचारून सांगा म्हणतात.

वेळ फार जातो. आठला बोलावतात, उपाशीपोटी, आणि रक्त द्यायला साडेनऊ होतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. पार्किंग नाही, सीएसएमटीवरून चालत जा. जुना चष्मा आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नाहीतर परत पाठवतात.