आप्पांची चेतक, माझी ड्यूक: चौदा महिन्यांनंतर

2024 च्या दसऱ्याला केटीएमची 390 ड्यूक ही मोटरसायकल घेतली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली, गाडी गणपतीपुळ्याला नेऊन आणली. नोव्हेंबर संपायला आला आणि बातमी: ऑस्ट्रियातल्या केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज टाकला. पहिल्या सर्व्हिसिंगचं ऑइल अजून काळं पडलं नव्हतं. नाक्यावरच्या टपरीवर मग रोज कोणीतरी, "काय रे, कंपनी बुडाली म्हणे तुझी?" आप्पांनी पेपर खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "चाकणलाच बनते ना? मग घाबरतोस कशाला?"

आप्पांचं गणित सरळ होतं: माझी ड्यूक बजाजच्या चाकणच्या कारखान्यातच बनते. त्यांनी वीस-बावीस वर्षं बजाज चेतक चालवली. पाय ठेवायच्या जागेत हापूसची पेटी, मागे आई, मधे मी, आणि गिअर डाव्या मुठीत फिरवायचे. त्या स्कूटरची मुळं इटलीत. बजाजने पियाजिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा बनवल्या, परवाना 1971 ला संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. म्हणजे तेव्हा युरोपचं शिकून आपण बनवायचो. आता उलटंच झालंय.

केटीएमची गोष्ट तशी चढउतारांचीच. हान्स ट्रुंकनपोल्झ यांनी 1934 ला मॅटिगहोफेन या गावात दुरुस्तीचं दुकान टाकलं. 1953 ला पहिली मोटरसायकल विकायला काढली. त्याच सुमारास एर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाले, म्हणून क्रोनराइफ, ट्रुंकनपोल्झ आणि गावाचा म, असं नाव. 1991 ला एकदा दिवाळं निघालं होतंच. पुढच्या वर्षी स्टेफान पीरर यांनी मोटरसायकलचा धंदा उचलला आणि 1994 ला पहिली ड्यूक आली. डकार रॅली ही लांब पल्ल्याची खडतर शर्यत म्हणाल तर 2001 पासून 2019 पर्यंत जेवढ्या झाल्या तेवढ्या सगळ्या यांनीच मारल्या. बजाजने 2007 ला केटीएमच्या साडेचौदा टक्के वाट्यापासून सुरुवात केली, वाटा वाढवत नेला. जानेवारी 2012 ला 200 ड्यूक आली तेव्हा मी कॉलेजात होतो. किंमत एक लाख सतरा हजार. खिशात तीनशे रुपये.

2024 चं दिवाळं न खपलेल्या गाड्यांच्या ढिगाने काढलं. जवळजवळ 3 अब्ज युरोंचं कर्ज. घेणेकऱ्यांनी शंभराला तीसवर समाधान मानलं, पैसा बजाजने उभा केला, आणि नोव्हेंबर 2025 ला कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. मॅटिगहोफेनचा कारखाना मधे काही महिने बंद होता. मला त्याची झळ लागली नाही. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, एक क्लच लिव्हर, जे लागलं ते आठवड्याच्या आत हातात. आप्पा बरोबर ठरले, आणि ते हे महिन्यातून एकदा आठवण करून देतात.

आता गाडी. जुन्या 390 चं इंजिन 373 सीसी होतं, हे 399. पिस्टनचा व्यास तोच, 89 मिलिमीटर. वाढवलाय तो स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 60 वरून 64. चार मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण आंबा घाटात वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरवरच गाडी उचलते, दुसरा टाकावा लागत नाही. ताकद 46 पीएस, टॉर्क 39 न्यूटन-मीटर. अर्थात एवढा रुंद पिस्टन आणि एकच सिलिंडर म्हटल्यावर बैलगाडीच्या चालीने सहाव्यात रेटायचा हट्ट धरू नये. मागचा शॉक अॅब्सॉर्बर मधोमध न ठेवता एका बाजूला बसवलाय. का, तर मोठ्या एअरबॉक्सला, म्हणजे इंजिनला हवा पुरवणाऱ्या डब्याला, जागा व्हावी म्हणून. शोरूममध्ये मला ती नुसती फॅशन वाटली होती. जाळीची फ्रेम लोखंडीच, आणि ती मला अॅल्युमिनियमपेक्षा देखणी वाटते. माझं अॅव्हरेज 28-29.

पावसात रेन मोड. आधी मी हसायचो. जुलैत परशुराम घाटात उतारावर लाल चिखल वाहत आला होता, तिथे मागचं चाक सुटतंय असं वाटेपर्यंत चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला आणि गाडी परत रेषेत. हसणं बंद.

खरा वैरी मात्र खारा वारा. आरे-वारेच्या रस्त्याने पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवा आणि जिभेला लावा, कळेल. जूनमध्ये जयगडला मामांकडे चार दिवस गाडी मांडवात उभी राहिली, मी धुतली नाही. पाचव्या दिवशी चेनच्या बाजूच्या पट्ट्या गेरू फासल्यासारख्या. चूक माझी. त्यात आणखी घोळ असा की वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने "ढिली आहे" म्हणत ती गिटाराच्या तारेसारखी ताणून दिली. मागे माणूस बसला, सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि सगळा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. लांज्यापर्यंत घरघर ऐकली, मग रस्त्याच्या कडेला गाडी लावून स्वतः ढील दिली. आता दर शनिवारी रॉकेल, मऊ ब्रश, पुसणं, आणि गाडी फिरवून आल्यावर चेन कोमट असतानाच ल्यूब. पेट्रोलने चेन धुऊ नका, कड्यांतल्या रबरी रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस जातं. प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू नका. रेडिएटरच्या जाळीत बसलेली लाल माती साध्या पाइपने, हलक्या हाताने काढा.

क्लच लिव्हर? तो धोपावेच्या जेटीवर तुटला. ओहोटी, शेवाळलेला उतार, फेरीबोटीतून पुढे गाडी काढायची घाई. पाय सरकला आणि 168 किलो अलगद आडवे. खलाशी धावून आला, गाडी उचलली आणि म्हणाला, "दादा, हितं इंजिन बंद करून ढकलायची असते." कुठल्याच मॅन्युअलात हे लिहिलेलं नाही.

आई मागे बसत नाही. एकदाच बसली, भाट्याच्या पुलापर्यंत, आणि रिक्षाने परत आली. हापूसची पेटीही बसत नाही. एप्रिलमध्ये पेट्या न्यायला शेजाऱ्याचा टेम्पो लागतो आणि त्याचं भाडं मीच भरतो. पण परवा संध्याकाळी आप्पा अंगणात आले, चावी मागितली. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, गाडीची सीट आठशे मिलिमीटर उंच. मी काही बोलायच्या आत ते बसले होते. चालू केली नाही. आरशात स्वतःकडे पाहिलं, डाव्या मुठीवर मनगट दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "गिअर इथे नाहीत होय रे?"