मलावीत रात्रपाळी: मुलांचा वॉर्ड की प्रसूतीकक्ष?

मलावीतल्या खेड्यातल्या मिशन रुग्णालयात महिनाभर स्वयंसेवेला निघालेल्या नर्सचं बहुतेक इथेच अडतं. माहितीपत्रकातला 'आयुष्य बदलणारा अनुभव' बाजूला ठेवा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी दोन्हीकडे लागतेच.

कामाचा भार बघायचा तर नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. तेव्हा मुलांचा वॉर्ड मलेरियाने भरतो, एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. मलेरियाचं इंजेक्शन आर्टेसुनेट 0, 12 आणि 24 तासांनी. 20 किलोखाली किलोमागे 3 मिग्रॅ. 60 मिग्रॅची कुपी आधी सोबतच्या 1 मिली बायकार्बोनेटमध्ये विरघळवायची, द्रावण स्वच्छ दिसलं की 5 मिली सलाइन. म्हणजे 12 किलोच्या मुलाला शिरेतून 3.6 मिली, तेही तासाभराच्या आत. घोळ होतो तो रक्तातल्या साखरेत. पहाटे 'गाढ झोपलंय' वाटणारं मूल साखर उतरून बेशुद्ध असू शकतं. 50 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) तसंच टोचू नका. एका भागाला चार भाग इंजेक्शनचं पाणी, मग किलोमागे 5 मिली.

प्रसूतीकक्षाचा भरवसा नाही. रात्रभर शांतता, नाहीतर तिघी एकदम. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, जोर लावताना दर 5 मिनिटांनी. बाळ झाल्यावर मिनिटाभरात आईला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन, 10 युनिट. वीज गेली तर ते ठेवलेल्या फ्रिजचं तापमान बघा, 2 ते 8 अंशच हवं.

भाषेचं म्हणाल, तर बाईला 'कंखानी' (जोर लावा) म्हणून भागतं. आईकडून तापाचा इतिहास काढायला मात्र तिथली भाषा चिचेवा जाणणारा माणूस शेजारी लागतो.

डोसाच्या हिशेबात पक्क्या असणाऱ्यांनी मुलांचा वॉर्ड घ्यावा. प्रसूतीकक्ष फक्त एकटीने बाळंतपणं केलेल्या आणि बाळाला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावता येणाऱ्या मिडवाइफने.