खाऱ्या हवेतलं एअर पिस्तूल: मोरिनी, स्टायर की वॉल्थर?

क्लबचं पिस्तूल सोडून स्वतःचं घ्यायची वेळ आली की गोव्यातल्या नेमबाजाच्या यादीत बहुधा हीच तीन नावं असतात: मोरिनी सीएम १६२ ईआय, स्टायर ईव्हो १० आणि वॉल्थर एलपी ५००. फाइनवेर्कबाउ पी८एक्स आणि पार्दिनी के१२ यांत काही कमी आहे म्हणून ती इथे नाहीत असं नाही. पण आपल्याकडे ती हातात धरून पाहायला मिळणं कठीण, आणि मॅच पिस्तूल न धरता घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

अचूकतेवरून यांच्यात निवड करू नका. तिन्ही पिस्तुलं शिकंज्यात धरली तर ११.५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात गोळ्या आरामात ठेवतात. आठवर गेलेला शॉट हाताचा असतो, नळीचा नाही. वजन, लांबी, साईटची (नेम धरायच्या खुणेची) रुंदी हे सगळं कॅटलॉगमध्ये मिळेल. कॅटलॉगमध्ये न सापडणारी गोष्ट म्हणजे जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत यांचं काय होतं ती. आपल्या निवडीचा निकाल तिथे लागतो.

आधी शॉटच्या जाणिवेबद्दल, कारण पहिल्यांदा हातात घेतल्यावर फरक तिथेच कळतो. मोरिनीत धक्का शोषणारी यंत्रणा नाही. शॉट सुटला की पुढची साईट चटकन उडते आणि पुन्हा जागेवर बसते. स्टायरमध्ये आत सरकणारं वजन आहे, ते गोळीच्या उलट दिशेने जातं आणि धक्का शोषतं. त्यामुळे साईट जवळजवळ हलत नाही. वॉल्थरही त्याच पंथातलं. या यंत्रणेमुळे गुण वाढतात असं मी म्हणणार नाही. तिचा खरा उपयोग फॉलो थ्रूमध्ये, म्हणजे शॉट सुटल्यावरही हात आणि नजर जागेवर ठेवण्यात, आहे: साईट स्थिर राहिली तर शॉट कुठे गेला हे स्क्रीनकडे न बघता सांगता येतं. याच्या उलट बाजू घेणारे कोचही आहेत. मोरिनीची उडी मनगटाची चूक लपवत नाही, म्हणून शिकणाऱ्याला तीच बरी, असं ते म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला साईट शांत राहिलेली आवडते.

आता मुद्द्याची गोष्ट, ट्रिगर.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची पहिली दाबणी अनेकांना तिथल्या तिथे जिंकून घेते, आणि त्यात काही चूक नाही. मॅच ट्रिगरला दोन टप्पे असतात: पहिल्यात बोट ट्रिगर मागे घेऊन टेकवतं, दुसऱ्यात शॉट सुटतो. इथे दुसरा टप्पा काचेची काडी मोडावी तसा तुटतो, आणि हजार शॉटनंतरही तसाच राहतो. घासणारे पृष्ठभाग नाहीत, म्हणून झिजणं नाही आणि ट्रिगर दाबायला लागणारं वजन सरकणंही नाही. मोरिनी ईआयची ख्याती यावरच उभी आहे. स्टायर आणि वॉल्थरचेही इलेक्ट्रॉनिक अवतार मिळतात. त्यामुळे पुढे जे लिहितो ते कुठल्या एका कारखान्याबद्दल नाही, विजेवर चालणाऱ्या ट्रिगरबद्दल आणि आपल्या हवेबद्दल आहे.

ट्रिगर दाबला की सर्किट सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या चुंबकी गुंडाळीला) क्षणभर मोठा प्रवाह देतं आणि त्या झटक्याने यंत्रणा सुटते. सगळा डाव त्या क्षणाचा आहे. किनारपट्टीच्या हवेत सेलच्या टोकांवर आणि सेल जिथे टेकतो त्या पत्रीवर पांढरट-हिरवट थर धरतो. थर एवढा पातळ असतो की उजेडात तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. मीटर लावून सेल तपासला तर व्होल्टेज पूर्ण दिसतं, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. सोलेनॉइड प्रवाह ओढतो तेव्हा त्या थराच्या रोधामुळे व्होल्टेज एकदम खाली येतं आणि शॉट सुटत नाही. दिवा लागलेला, सेल नवा, पिस्तूल मुकं. पुन्हा दाबलं की चालतं. दुकानदाराला दाखवायला नेलं तर हमखास चालतं.

नुकसान त्या एका शॉटचं नाही. श्वास बसलेला, साईट बसलेली, बोट मागे येतंय आणि काहीच होत नाही. बोट ते लक्षात ठेवतं. पुढचे पाच-सहा शॉट ते दुसऱ्या टप्प्यावर थांबून वाट बघतं, किंवा चुकवून घाई करतं, आणि लक्ष्यावरचा शॉटचा गट डावीकडे खाली पसरतो. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असताना मनातला तो संशय काढायला वेळ नसतो. मी शेवटी मेकॅनिकल ट्रिगरकडे वळलो ते एवढ्याच कारणाने. ज्यांचं सरावाचं ठिकाण वातानुकूलित आहे आणि पिस्तूल कोरड्या कपाटात राहतं त्यांना हा त्रास कदाचित कधीच होणार नाही. पत्र्याखालच्या किंवा उघड्या रेंजवर सराव करणाऱ्यांनी मात्र याचा विचार करावा.

इलेक्ट्रॉनिकच घ्यायचं ठरलं तर उपाय साधे आहेत. दर पंधरवड्याला सेल काढून दोन्ही पत्र्या पेन्सिलच्या खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पत्री दबून सैल झाली असेल तर चिमट्याने अगदी किंचित उचला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सेल बदला, आणि तोही पाकिटावरची तारीख बघून. चवथीच्या सुट्टीत पिस्तूल आठ-दहा दिवस पडून राहणार असेल तर सेल बाहेर काढून ठेवा.

मेकॅनिकल ट्रिगरही बिघडतो, पण सांगून बिघडतो. दुसऱ्या टप्प्यात किंचित रेंगाळ जाणवते, वजन वीस-तीस ग्रॅमने सरकतं, आणि हे एका सरावात नव्हे तर काही आठवड्यांत होतं. अ‍ॅलन की आणि ५०० ग्रॅमचं वजन एवढ्यावर ते पुन्हा जागेवर आणता येतं. स्टायरचा ट्रिगर या बाबतीत समजायला सोपा आहे. लावताना क्रम मोडू नका: आधी पहिल्या टप्प्याचं वजन, मग दुसऱ्याचं, आणि ट्रिगर सुटल्यानंतर थांबवणारा स्क्रू सगळ्यात शेवटी. पहिल्या टप्प्याला ३५० ग्रॅमच्या आसपास आणि उरलेलं दुसऱ्याला, एकूण ५१० ते ५२०. बरोबर ५०० वर ठेवलं तर तपासणीच्या टेबलावर ट्रिगरला लटकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन शॉट न सुटता उचललं जाईलच याची खात्री नसते. शेवटचा स्क्रू फार घट्ट केला की घरी सगळं छान वाटतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडा मळ बसला की शॉट अडतो. म्हणून तो टेकल्यावर पाव फेरा मागे घ्या. दुसऱ्या टप्प्याची पकड फार कमी केली तर लिव्हर (पिस्तूल शॉटसाठी तयार करणारा दांडा) बंद करतानाच शॉट सुटू शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर पेलेट (शिशाची गोळी) न घालता, नळी लक्ष्याकडे ठेवून, लिव्हर जरा जोरात बंद करून तपासा. ट्रिगरच्या आत डब्ल्यूडी-४० मारू नका. त्याचा उरलेला थर चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते.

मेकॅनिकल भाग म्हणजे अभंग असा समज मात्र नको. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर १० मीटर एअर पिस्तूलच्या ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, घड्याळ चालूच राहिलं, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरीत आठच जण जातात. पॅरिसला २०२४ मध्ये तिने याच प्रकारात कांस्य जिंकलं. लिव्हर हा धातूचा तुकडा, त्याला सेल लागत नाही, तरी तुटला. म्हणून सुटे भाग कुठे मिळतात हा प्रश्न निवडीत धरायलाच हवा, आणि इथे मोरिनीचं पारडं जड आहे हे मान्य केलं पाहिजे. भारतातल्या कुठल्याही मोठ्या रेंजवर, मग दिल्लीचं कर्णीसिंग असो की पुण्याचं बालेवाडी, शेजारच्या लेनवर कुणाकडे तरी मोरिनी असते. सील, स्क्रू, अडॅप्टर उसना मिळतो. स्टायरवाला शोधावा लागतो, वॉल्थरवाला जरा जास्तच. मोरिनीचंच मेकॅनिकल रूप, सीएम १६२ एमआय, हा मधला मार्ग आहे. शॉटची उडी चालत असेल तर त्याला नाव ठेवायला मला जागा दिसत नाही.

वॉल्थरबद्दल थोडक्यात. मुठीचा कोन फिरवायची जितकी मोकळीक ते देतं तितकी इतरांत मला जाणवली नाही. वाढत्या वयाच्या मुलांना किंवा मनगटाचा त्रास असलेल्यांना हे फार उपयोगाचं. पण जितके जोड तितके सैल व्हायच्या जागा. एकदा कोन जमला की फ्रेम आणि मूठ यांच्यावरून पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवा. गट उगाच उभा पसरायला लागला तर साईटला हात लावण्याआधी ती रेघ जुळतेय का बघा. ही रेघ तिन्ही पिस्तुलांवर ओढावी, कारण लाकूड ऑगस्टमध्ये फुगतं आणि जानेवारीत आकसतं. पावसात घट्ट केलेला स्क्रू थंडीत सैल होतो.

मूठ कानशीने घासून हाताला बसवली असेल तर घासलेली जागा उघडी सोडू नका. ओलावा आणि घामाचं मीठ तिथूनच आत शिरतं. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. व्हार्निश नको, हात घसरतो.

ही पिस्तुलं सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरायचा प्रश्न गोव्यात वेगळाच आहे. डायव्हिंगवाल्यांकडे २०० बारची (बार हे दाबाचं एकक) टाकी भरून मिळते, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरला ओलावा शोषणारे फिल्टर असल्याने ती हवा कोरडी असते. पण पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे त्यांचं दुकानही बंद. सरावाला जोर येतो नेमका तेव्हाच. म्हणून मे संपायच्या आत टाकी काठोकाठ भरून घ्या. सुमारे ११ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर पिस्तुलाचा सिलिंडर १०० वरून २०० बारवर नेताना टाकीचा दाब अर्धा ते पाऊण बार उतरतो. पन्नास फिलनंतरही टाकीत १६०-१७० बार उरतात, आणि तेवढ्या दाबाने भरलेल्या सिलिंडरवर एक पूर्ण मॅच सरावाच्या शॉटसकट निघते. झडप हळू उघडा. भसकन भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८५ वर येतो. हातपंपाने जुलैची हवा भरणं शक्यतो टाळा. तिच्यातलं पाणी दाबाखाली सुटून सिलिंडरच्या तळाशी आणि रेग्युलेटरच्या (दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) सीलपाशी जातं. मग शॉटचा वेग खाली-वर होतो आणि दोष पेलेटवर ढकलला जातो.

टाकी आणि पिस्तुलाचा सिलिंडर जोडणारा अडॅप्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा. तुमच्या क्लबच्या टाकीला कुठला अडॅप्टर लावलेला आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. डायव्हिंगच्या टाक्यांवर बहुधा शिकंज्याची (बाहेरून आवळायची) झडप असते आणि पिस्तुलाच्या अडॅप्टरला आट्याची (फिरवून बसवायची) लागते. काही झडपांमधला आतला तुकडा अ‍ॅलन कीने काढता येतो, काहींचा नाही.

पेलेटचा डबा उघडा ठेवला की महिन्याभरात शिशावर पांढरी भुकटी धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पिस्तूलही फेसाच्या पेटीत बंद ठेवू नका, फेस ओल धरून ठेवतो. कॅमेऱ्यासाठी मिळतं ते ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवलं तर पिस्तूल आणि पेलेट दोन्हींची सोय होते.

ज्याचा कोच मोरिनीवाला, क्लबही मोरिनीवाला आणि सरावाची जागा बंदिस्त आहे, त्याने ईआय घ्यावी. त्याला दुसरं काही घ्यायला सांगणं बरं नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी आखूड सिलिंडरची मोरिनी किंवा स्टायरचं एलपी २ कॉम्पॅक्ट हातात धरून बघा. मोठ्या पिस्तुलाचं वजन खांदा लवकर थकवतं. बाकीच्यांना, विशेषतः पेडण्यापासून काणकोणपर्यंत समुद्राच्या वाऱ्यात राहणाऱ्यांना, मी ईव्हो १० चं मेकॅनिकल रूपच आधी हातात देईन.

जुनं पिस्तूल मिळत असेल तर तिन्हींपैकी कुठलंही वाईट नाही, फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बऱ्याच कारखान्यांच्या सिलिंडरची मुदत १० वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत वापरायला मिळत नाही. नवा मागवायला वेळ लागतो आणि पैसेही बरेच जातात. ती रक्कम विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीतून आधी वजा करायला सांगा.