१४४१६ वरचं समुपदेशन: पहिल्या फोनला उत्तम, पुढच्या आठ आठवड्यांचं काय?

टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, मराठीसह वीस भाषा, आणि मागे बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था निमहान्स ही मुख्य संस्था. नैराश्याने गांजलेल्या माणसाला यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी कळलं तर निम्मा अपेक्षाभंग टळतो.

फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलायला येतो. त्याच्याकडे तुमचा चेहरा नसतो, फाइल नसते, घरचं कुणी शेजारी बसलेलं नसतं. म्हणून ‘मला खूप टेन्शन आहे’ एवढ्यावर थांबलात तर सगळा वेळ चाचपण्यात जातो. फोन करण्याआधी चार ओळी कागदावर लिहा: ‘तीन आठवडे झाले, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण अर्ध्यावर आलंय. दुकान उघडायला जावंसं वाटत नाही. बीपीची गोळी चालू आहे.’ दारू घेत असाल तर तेही सांगा, लपवलं तर सल्ला चुकतो. नाव सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट म्हणा.

एक प्रश्न बहुतेक वेळा येईल आणि तो थेट येईल: ‘जगू नये असं वाटतं का? काही करायचं ठरवलंय का?’ ऐकणारा दचकतो. पण असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर पुढचा भाग फार व्यावहारिक असायला हवा. आज रात्री सोबत कोण झोपणार? घरातलं कीटकनाशक आणि शिल्लक गोळ्या कुणाच्या ताब्यात जाणार? विचार उसळला तर आधी कुणाला फोन? हे तीन मुद्दे ठरल्याशिवाय फोन ठेवू नका. समुपदेशक विसरला तर तुम्ही विचारा. जिवाला तत्काळ धोका असेल तर मात्र बोलत बसायचं नाही, १०८ ला फोन करून जवळचं रुग्णालय गाठायचं.

इथपर्यंत ही सेवा तिच्या कामाला पुरी पडते. अडचण पुढे आहे.

नैराश्यावरचं समुपदेशन म्हणजे एकदाच मन मोकळं करणं नव्हे. गोव्यातलं उदाहरण बघा. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक नेमले, डॉक्टर नव्हेत. आठवड्याला एक बैठक, तीस-चाळीस मिनिटांची, अशा सहा ते आठ. तीव्र नैराश्याच्या ४९५ जणांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजाराच्या उंबरठ्याखाली आले होते. नुसते नेहमीचे उपचार, तेही थोडे सुधारून दिलेले, मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

बैठकीत करायचं काय? बरं वाटेल तेव्हा कामाला लागू, अशी वाट बघत बसलेल्या माणसाला आधी कामाला लावायचं, मन मागून येतं. वहीत दिवसाचे रकाने आखायचे, काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं याला शून्य ते दहा गुण द्यायचे. दुपारी दोन ते चार अंथरुणात, गुण एक. साडेपाचला कट्ट्यावर दहा मिनिटं, गुण तीन. पुढच्या आठवड्यात तो कट्टा वाढवायचा, अंथरूण कमी करायचं. इथे नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ‘रोज पाच किलोमीटर चालेन’ असं ठरवणं. तिसऱ्या दिवशी ते मोडतं आणि ‘मला काहीच जमत नाही’ याला आणखी एक पुरावा मिळतो. काम इतकं लहान हवं की वाईट दिवशीही होईल: अंघोळ, झाडांना पाणी, एक फोन.

यासाठी माणूस तोच लागतो, मागच्या आठवड्याची वही बघणारा. हेल्पलाइनवर दर वेळी तोच आवाज मिळेल असं धरून चालता येत नाही, आणि तिची रचनाही त्यासाठी नाही. म्हणून आमचे गुण असे: पहिल्या आधाराला पाचपैकी चार, सलग उपचाराला दोन.

तेव्हा फोन ठेवण्याआधी विचारा: ‘माझ्या जिल्ह्यात प्रत्यक्ष कुठे जाऊ, कोणत्या वारी?’ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात असते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. ‘याला ठाण्याला न्या’ ही थट्टा ऐकत वाढलेल्यांना त्या गेटाशी जायचंच नसतं. अशांनी जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी, तिथल्या रांगेत कोण कशासाठी उभा आहे हे कुणी विचारत नाही. खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

प्रगती मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी पुरते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त असेल तर समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटाच, वीस किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर लांबवू नका. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोला. चार-पाच बैठकांनंतरही आकडा हलत नसेल तर समुपदेशकाशी उघड बोला. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, हेही बघा. थकवा आणि सुस्ती तिथूनही येते. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद केल्या की चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होऊ शकतो.

घरच्यांनाही १४४१६ वर फोन करता येतो. फक्त ‘तिला जरा समजवा’ असं म्हणत फोन तिच्या हातात कोंबू नका. आधी स्वतः बोला, घरात काय म्हणायचं नाही ते विचारून घ्या. ‘मन रमव, देवाचं नाव घे, सगळं आहे तुझ्याकडे’ हे त्या यादीत वरच्या बाजूला असतं.