काम केलं, पण कागद कुठे आहे? जीएमसीच्या पोर्टफोलिओ पाथवेचा माझा अनुभव

माझं नाव जीएमसीच्या, म्हणजे यूकेत डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या, स्पेशालिस्ट रजिस्टरवर लागल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न येतोय: "ताई, हे करण्यासारखं आहे का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. मत आधीच सांगून टाकते. मार्ग खरा आहे आणि तपासणी प्रामाणिक आहे. पण केलेलं काम कागदावर आणायची सगळी जबाबदारी तुमची, आणि माणूस थकतो तो तिथेच.

मी भूलतज्ज्ञ. एमडी महाराष्ट्रात केली, तिथेच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पाच वर्षं कन्सल्टंट होते. २०१९ मध्ये मँचेस्टरला प्लॅबचा, म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, दुसरा भाग दिला आणि एनएचएसमध्ये, इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, स्पेशालिटी डॉक्टर (कन्सल्टंटच्या खालचं पद) म्हणून लागले. रात्री दोन वाजता इमर्जन्सी सिझेरियन आलं की भूल मीच द्यायचे, पण कायमच्या कन्सल्टंट पदाची जाहिरात आली की अर्ज करता येत नव्हता. त्यासाठी स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं. ते लागायचं तर इथलं ट्रेनिंग पूर्ण करून सीसीटी, म्हणजे ते पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, घ्यायचं, आणि भूलशास्त्रात ते ट्रेनिंग सात वर्षांचं आहे. बाहेर शिकून आलेल्यांसाठी दुसरा मार्ग म्हणजे पोर्टफोलिओ पाथवे. याचं जुनं नाव सीईएसआर. थिएटरच्या कॉफी रूममध्ये अजून सगळे 'सीझर'च म्हणतात.

३० नोव्हेंबर २०२३ ला नियम बदलला, तो नीट समजून घ्या. आधी तुम्ही सीसीटीवाल्याच्या तोडीस तोड आहात हे सिद्ध करावं लागे, म्हणजे त्यांच्या अभ्यासक्रमाशी आपलं आयुष्य ताडून बघायचं. आता स्पेशालिस्ट म्हणून यूकेत काम करायला लागणारं ज्ञान, कौशल्य आणि अनुभव आहे का, हे पाहतात. मी २०२१ पासून तयारी करत होते, त्यामुळे दोन्ही चौकटी पाहिल्या. नवी चौकट जास्त न्याय्य आहे असं माझं ठाम मत आहे. मात्र पुरावा कमी लागेल या भ्रमात कुणी राहू नका.

जीएमसीने प्रत्येक स्पेशालिटीसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली आहे, ती पहिल्या दिवशी उतरवून घ्या. फाइल तपासतं त्या-त्या शाखेचं रॉयल कॉलेज, निर्णय देते जीएमसी. भूलशास्त्राच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात चौदा डोमेन आहेत: सात डॉक्टरपणाचे, म्हणजे संवाद, टीमवर्क, शिकवणं, गुणवत्ता सुधारणा वगैरे, आणि सात खास भूलशास्त्राचे. आपल्याकडची मंडळी दुसऱ्या सातांत मजबूत असतात आणि पहिल्या सातांत अडकतात. मीही अडकले. पाच वर्षं रेसिडेंटना शिकवलं, पण त्यांच्याकडून एकही फीडबॅक फॉर्म कधी भरून घेतला नव्हता. पोस्ट-ऑप उलट्यांवर आम्ही औषधांचा क्रम बदलला, फरकही पडला, पण बदलानंतर पुन्हा मोजणी केली नाही. म्हणजे ऑडिटचं चक्र अर्धंच. इथे पहिल्या वर्षाच्या पोराकडेही चक्र पूर्ण झालेलं ऑडिट असतं. हे बघून वाईट वाटलं, पण मागणी चुकीची आहे असं मला एकदाही वाटलं नाही. औषध बदलल्यावर पेशंटला बरं वाटलं की नाही हे मोजायलाच हवं होतं.

आता लॉगबुकबद्दल, म्हणजे केलेल्या केसच्या नोंदवहीबद्दल. पुराव्यातून पेशंटची ओळख पटेल असं सगळं काढून टाकावं लागतं. मी भारतातल्या केसनोट्सच्या झेरॉक्सवर काळ्या मार्करने नावं खोडली, स्कॅन केली, आणि स्क्रीनवर मोठं करून बघते तर शाईखालून नाव वाचता येत होतं. मग मार्कर मारलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचं स्कॅन. असे तीन आठवडे रात्री गेले. एका पानावर नऊ महिन्यांच्या मुलीची नोंद होती, हृदयातलं छिद्र बंद करायची शस्त्रक्रिया. बायपास मशीनवरून काढताना प्रेशर टिकत नव्हतं, अ‍ॅड्रिनालिनचा डोस दर काही मिनिटांनी बदललेला, सगळं माझ्याच अक्षरात. तिचं नाव मला न वाचताही आठवत होतं. मार्कर फिरवताना हात थांबला. कॉलेजच्या परीक्षकांना ती फक्त लॉगबुकमधली एक ओळ दिसणार होती, पण ती ओळ माझ्याकडे होती म्हणूनच कार्डियाकचा माझा अनुभव मोजला गेला. ज्या केसचं पान मिळालं नाही, ती मी केलीच नाही असं धरून चालावं लागलं.

माझं इथलं हॉस्पिटल लहान. तिथे ना हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात ना मेंदूच्या. अशा जागी काम करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. मोठ्या सेंटरमध्ये काही महिने सेकंडमेंटवर, म्हणजे तात्पुरतं कामाला, जावं लागतं, आणि आपला रोटा (ड्युटीच्या पाळ्या) कोण भरणार हा प्रश्न उभा राहतो. माझ्या क्लिनिकल लीडनी तो स्वतः सोडवला. तीन महिने माझ्या ऑन-कॉलची व्यवस्था लावली. असा वरिष्ठ नसेल तर नोकरी बदला, हे मी अगदी स्पष्ट सांगते. मुलाखतीतच विचारा: सेकंडमेंट मिळेल का, डॉप्स आणि सीबीडी (प्रत्यक्ष कामाच्या मूल्यमापनाचे फॉर्म) भरायला कन्सल्टंट वेळ देतात का, एसपीएचे (शिकवणं, ऑडिट अशा कामांसाठी राखीव) तास रोटात खरोखर असतात का.

पैसे घेऊन पोर्टफोलिओ तयार करून देणाऱ्या एका क्लासचीही मी मदत घेतली होती. नाव लिहीत नाही. त्यांनी चेकलिस्ट चांगली दिली, पण रिफ्लेक्शनचे, म्हणजे केसनंतर स्वतःबद्दल लिहायच्या चिंतनाचे, तयार नमुने पाठवले आणि "फक्त केस बदला" असं सांगितलं. मी एकही वापरला नाही. अवघड एअरवेच्या ज्या केसनंतर मला दोन रात्री झोप लागली नाही, तिच्याबद्दल दुसऱ्याची वाक्यं कशी लिहिणार? चेकलिस्ट तर मार्गदर्शिकेत फुकट आहे. त्या पैशांत एफआरसीएच्या, म्हणजे भूलशास्त्राच्या रॉयल कॉलेजच्या फेलोशिपच्या, तोंडी परीक्षेची तयारी झाली असती. एफआरसीए हातात असेल तर ज्ञानाच्या पुराव्याचा मोठा भार उतरतो, म्हणून ती परीक्षा आधी द्या असं मी सगळ्यांना सांगते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त त्रास झाला तो सह्यांचा. पुरावा खरा आहे हे जिथलं काम तिथल्याच जबाबदार माणसाने पडताळून द्यावं लागतं. माझे जुने विभागप्रमुख निवृत्त झालेले. नव्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. रेकॉर्ड विभागातून चार महिने "मॅडम, बघतो" हेच उत्तर. नंतर कळलं की २०१८ चं ओटी रजिस्टर गोदाम हलवताना गठ्ठ्यांत कुठेतरी गेलंय. फोन ठेवून मी गाडीत बसून रडले. त्या रजिस्टरात माझं अख्खं वर्ष होतं.

शेवटी जुन्या सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणतं वर्ष?" गुडघे दुखत असताना ते स्वतः दोन दिवस गोदामात जाऊन बसले, तिथल्या मामांना सोबत घेऊन गठ्ठे सोडवले. रजिस्टर मिळालं. नव्या प्रमुखांसमोर बसून त्यांनी एकेक नोंद जुळवून दाखवली. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला: "सही झाली गं. आता जेव आणि झोप." या मार्गाबद्दल माझी एकच मोठी तक्रार आहे, ती इथली. असे सर ज्याच्या पाठीशी नाहीत, त्याचं खरं कामही हिशेबात येत नाही. जीएमसीला पडताळणी लागणारच, ते मान्य. पण आपल्याकडच्या हॉस्पिटलांनी सोडून जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला शेवटच्या दिवशीच सही-शिक्क्याचं लॉगबुक हातात द्यायला काय हरकत आहे?

अर्ज मी २०२४ मध्ये पाठवला. मंजुरीचा ईमेल दुपारी, दोन केसच्या मधे आला. पहिला फोन सरांना केला, दुसरा आईला. नाकारला तरी कुठे कमी पडलं हे पत्रात लिहून येतं. आमच्याच विभागातल्या एकीने त्यावरून वर्षभर काम केलं आणि पुन्हा पाठवून मिळवलं. म्हणून नकार आला म्हणजे संपलं असं समजू नका.

अजून भारतात असाल आणि दोन-तीन वर्षांत निघायचा विचार असेल, तर आज केलेल्या केस आजच लिहा आणि दर महिन्याला विभागप्रमुखांची सही घ्या. इथे आला असाल तर मला मेसेज करा. आमच्याकडे सध्या तिघांच्या फायली चालू आहेत. गुरुवारी दुपारी ऑपरेशनची लिस्ट संपल्यावर आम्ही बसतो. येताना लॉगबुक घेऊन या, जसं असेल तसं.