फॉग लाइट, हॉर्न आणि ‘प्युअर कॉपर’ वायरिंग: टेपच्या आत काय निघालं ते वाचा

मोटरसायकलला जादा लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर असं काही बसवून घ्यायचं मनात असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. या कामात चोख माणसंही आहेत, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. पण लबाडाला लपायला इथे सोय फार. सगळं काम टेपच्या आत, टाकीखाली आणि हेडलाइटच्या मागे गडप होतं. लाइट लागला, हॉर्न वाजला की गिऱ्हाईक खूश.

मला दुकानातल्या फिटिंगवाल्याने कबूल केलं होतं ते असं: ६० वॅटचे दोन एलईडी फॉग लाइट, हॉर्नची जोडी आणि यूएसबी चार्जर. लाइट-हॉर्न रिलेवर (म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, तीही ‘प्युअर कॉपर’, फ्यूज वेगळा, आणि कंपनीची एकही वायर न कापता सगळं कपलर टू कपलर, म्हणजे प्लग एकमेकांत बसवून. रिले कशाला लागतो हेसुद्धा त्या माणसाने नीट समजावलं. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता जेमतेम करंट जातो, लाइटचा खरा करंट बॅटरीवरून जाड वायरीने येतो, त्यामुळे स्विच जळत नाही आणि मूळ वायरिंगवर ताण येत नाही. यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. काम झाल्यावर त्याने लाइट लावून दाखवले, सीटखाली कान लावायला सांगून रिलेचा ‘टिक’ आवाज ऐकवला. वायरींच्या जुडग्यावर एक चकचकीत स्टिकर होता: टेप काढल्यास वॉरंटी रद्द. हा स्टिकर लक्षात ठेवा.

थोड्याच दिवसांत फॉग लाइट लावले की हेडलाइट पिवळा पडायला लागला. हॉर्न दाबला की दोन्ही मिणमिणायचे. गाडी काही दिवस उभी राहिली की सेल्फ ओढेना. परत गेलो तर त्याने मीटर काढलाच नाही, सेल्फ मारून बघितला आणि म्हणाला, “साहेब, बॅटरी गेली तुमची. जुनीच होती.” नवी बॅटरी बसली, जुनी ‘एक्स्चेंज’मध्ये त्याच्याकडे राहिली. नव्या बॅटरीनेही तेच केलं तेव्हा उत्तर तयार होतं: “मग रेग्युलेटर गेला असणार, कदाचित कॉइल प्लेटपण.” कॉइल प्लेट इंजिनवर वीज तयार करते, रेग्युलेटर ती बॅटरीला बेताने देतो. म्हणजे आता चार्जिंगचं अख्खं काम.

तिथून गाडी सरळ दुसऱ्या वायरमनकडे नेली. हा माणूस कमी बोलतो. त्याने इंजिन सुरू करून बॅटरीवर मल्टिमीटर धरला: १४.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी व्यवस्थित चार्ज होतेय. रेग्युलेटर आणि कॉइल प्लेट ठणठणीत, विषय संपला. मग चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि मीटर मध्ये जोडला. गाडी पूर्ण बंद, तरी ५० मिलिअँपिअर वाहत होते. यूएसबी चार्जर चावीबरोबर बंद होईल असा न जोडता थेट बॅटरीला लावला होता आणि त्यावरचा व्होल्टेजचा डिस्प्ले चोवीस तास जिवंत. ५० मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाहीत. पण दिवसाचे १.२ अँपिअर-अवर होतात, म्हणजे ९ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात जवळपास रिकामी. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. जुन्या बॅटरीत काहीच खोट नसावी, हे तेव्हा कळलं.

मग त्याने माझ्यासमोर टेप कापली. रिले होता, चांगल्यापैकी बोल्ट मारून बसवलेला. अशा चार पिनांच्या रिलेवर नंबर असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून लाइटला. इथे ३० नंबरला बॅटरीची वायरच नव्हती. ८६ वरून ३० वर बोटभर लांबीचा तुकडा मारून दिला होता आणि ८६ ला करंट आला होता हेडलाइटच्या वायरीतून. म्हणजे ‘टिक’ आवाज खरा, पण सगळा भार पुन्हा मूळ स्विचवर आणि मूळ बारीक वायरीवरच. रिले नसता तरी काही फरक पडला नसता. तो फक्त मला ऐकवण्यापुरता बसवला होता! हॉर्नही तिथेच अडकवलेले. आणि कपलर टू कपलर? हेडलाइटच्या वायरीचं आवरण मध्येच सोलून, नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळली होती. ना डाग दिलेला, ना क्रिंप केलेला (धातूची टोपी दाबून पक्का केलेला). टेपचा चिकटा उन्हाने पाघळून हाताला लागत होता.

‘प्युअर कॉपर’ची गंमत वेगळीच. वायर बाहेरून चांगली जाड होती; आवरण सोललं तर आत मोजक्या तारा. दिसायला तांबूस. वायरमनने एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली. वर तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ही दोन तृतीयांशाच्या आसपासच करंट वाहून नेते, दोन-चारदा वाकवली की तुटते आणि जोडाच्या ठिकाणी ओल लागली की खराब होते. इथे एक घोटाळा टाळा: कथिलाचा मुलामा दिलेली चांगली तांब्याची वायरही पांढरी दिसते, पण ती वरून पांढरी आणि आतून लाल असते. खोटी बरोबर उलटी. तुकड्याचं टोक नुसतं बघून ठरवू नका, खरवडा.

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४.१ असताना फॉग लाइटच्या टोकाशी ११.८ व्होल्ट मिळाले. सव्वादोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खर्ची, आणि ते जातात कुठे? जोडात आणि वायरीत, उष्णता होऊन.

खरा धक्का फ्यूजच्या डबीत होता. झाकणावर हेडलाइटसमोर १० लिहिलेलं, आत बसवला होता पिवळा फ्यूज, म्हणजे २० अँपिअरचा. १० चा लाल असतो. हेडलाइट, फॉग आणि हॉर्न एका लायनीवर घेतल्यावर मूळ फ्यूज उडणारच, तर त्यावर याचा उपाय मोठा फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा केला की आधी वायर तापते, मग पेटते, फ्यूज शाबूत राहतो. पैशांच्या फसवणुकीचा राग येतोच, पण टाकीखालून जाणाऱ्या वायरीशी हा खेळ केला, हे मी विसरणार नाही.

लाइटही मोजले. ६० वॅट म्हणजे १२ व्होल्टला एकेका लाइटला ५ अँपिअर. सरळ बॅटरीवर लावल्यावर एकेक जेमतेम दीड अँपिअर घेत होता, म्हणजे १८ वॅटच्या आसपास. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात ६०. मजा बघा, लाइट खरेच ६० वॅटचे असते तर ती वायर एव्हाना वितळली असती. एका लबाडीने दुसरीपासून वाचवलं.

हे सगळं घेऊन दुकानात गेलो तर पहिलं वाक्य, “टेप कुणी काढली? वॉरंटी गेली.” फोटो दाखवले तर, “तेवढ्या पैशात एवढंच येतं.” बिलात एकच ओळ होती, ‘लाइट-हॉर्न सेट फिटिंगसह’. रिले कसा जोडायचा, वायर किती चौरस मिलिमीटरची, कशाची, यातलं काहीच कागदावर नाही, त्यामुळे तोंडी कबुलीवर भांडत बसावं लागलं. तुम्ही करून घेणार असाल तर बिलात लाइटचे वॅट, वायरीची जाडी आणि धातू, फ्यूजचे अँपिअर वेगवेगळे लिहून घ्या. आणि टेप गुंडाळायच्या आधी गाडी बघायला या. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली वायर बोटाने धरून आधी फ्यूज, मग रिलेच्या ३० पर्यंत पोचते का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. समोर टेप मारायला जो तयार नसेल त्याच्याकडून गाडी उचला.

बऱ्याच बाचाबाचीनंतर त्याने लाइटचे पैसे परत केले, फिटिंगचे नाही. फुकटात पुन्हा वायरिंग करून देतो म्हणाला, ते मी नाकारलं. जुनी बॅटरी मागितली तर ती भंगारात गेली म्हणे. नवीचं वॉरंटी कार्ड अजून मिळालेलं नाही, ‘स्टॅम्प मारायचा राहिलाय’.